देवधरांच्या गॅलरीतली लष्करी घड्याळं

एखाद्या गोष्टीचं वेड लागलं की तिचे किस्से शोधत फिरावं लागत नाही, तेच पत्ता विचारत घरी येतात. दातांच्या डॉक्टरला विचारा, लग्नं जमवणाऱ्या बाईंना विचारा. आमच्याकडे आले ते घड्याळांचे. तीही साधी घड्याळं नव्हेत, लष्करी. जहाजाच्या भिंतीवरची पितळी, विमानाच्या डॅशबोर्डवरची काळी, छावणीच्या ऑफिसातली मोठी गोल. त्यातली खरी किती आणि बनवलेली किती, हे सांगायचं काम आमच्याकडे कसं आलं, आम्हालाही कळलं नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. अंधेरी-बोरिवलीला धडाधड नव्या बिल्डिंगा उभ्या राहत होत्या आणि प्रत्येक नव्या हॉलच्या भिंतीला काहीतरी जुनं हवं होतं. तांब्याचे हंडे झाले, पितळी समया झाल्या, मग साहेबाच्या काळातल्या लष्करी घड्याळांची टूम निघाली. त्यांच्या डायलवर एक बारीकसा बाण असायचा. ती सरकारी मालाची खूण. बाण दिसला की भलेभले विरघळायचे. आता, बाण कोरायला काय लागतं? एक टोकदार हत्यार आणि एक मोकळी दुपार.

आमची मंडळी तीनच. पहिले देवधर. मुलुंडला राहायचे, मीटर आणि गेज बनवणाऱ्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला होते. रविवारी सकाळी ते बंद केलेल्या गॅलरीत टेबल मांडून, डोळ्याला भिंग लावून बसत आणि लोक पिशवीतून घड्याळं घेऊन येत. दुसरे घाटकोपरचे हसमुखभाई, गोरेगावच्या स्टुडिओंना सिनेमाच्या सेटसाठी जुन्या वस्तू पुरवणारे. आणि तिसरी मी.

•

माझी भरती झाली ती वासामुळे.

मी तेव्हा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, एका इलेक्ट्रोप्लेटिंगच्या कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. एक दिवस कुणाच्या तरी ओळखीनं देवधर आले. टॉवेलात गुंडाळलेलं एक पितळी घड्याळ त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. त्यांच्या ऑफिसातल्या एका मित्रानं ते घेतलं होतं. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की हे बुडालेल्या युद्धनौकेवरचं आहे, वर्षानुवर्षं समुद्राच्या तळाशी होतं, कोळ्याच्या जाळ्यात सापडलं.

"पितळेवरचा हा हिरवा रंग किती जुना असेल, सांगता येईल का?" देवधरांनी विचारलं.

मी ओला कापूस फिरवला. सगळा हिरवा रंग खडूसारखा कापसावर आला आणि खाली लख्ख पिवळं पितळ दिसलं. खरा जुना हिरवा असा सुटत नाही. तो धातूला घट्ट धरून बसतो आणि त्याच्याखाली काळपट तपकिरी थर असतो. शिवाय हे घड्याळ पुढून, मागून, आतून, सगळीकडून अगदी सारखंच हिरवं होतं. समुद्र एवढा टापटीप नसतो.

खात्रीसाठी मी थोडी भुकटी टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन गरम केली. काही सेकंदांत लॅबमधल्या सगळ्यांनी कामं थांबवून माझ्याकडे बघितलं. एकानं उठून खिडकी उघडली. पितळ लवकर जुनं दिसावं म्हणून ते गोठ्यातल्या ओल्या गवतात पुरून ठेवतात, हे मला तोवर ऐकूनच माहीत होतं.

देवधर नाकाला रुमाल लावून म्हणाले, "पण पाण्यात होतं म्हणतात."

मी म्हटलं, "ते खोटं नाही. फक्त पाणी समुद्राचं नव्हतं."

देवधर हसले नाहीत. त्यांनी घड्याळ पुन्हा टॉवेलात नीट गुंडाळलं आणि म्हणाले, "रविवारी मुलुंडला येत जाल का?"

•

लष्करी घड्याळ घेतलेल्या माणसाकडे पाहुणे म्हणून गेलं की एक कार्यक्रम ठरलेला असे. पडदे ओढायचे, ट्यूबलाइट बंद करायची आणि म्हणायचं, "आता बघा."

अंधेरीच्या कर्णिक डॉक्टरांकडे आम्ही असेच बसलो होतो. विमानातलं घड्याळ होतं. पडदे ओढल्यावर त्याचे काटे आणि आकडे हिरवेगार चमकायला लागले. डॉक्टर अंधारातच म्हणाले, "इतकी वर्षं झाली तरी बघा काय तेज आहे."

पडदे उघडले तेव्हा देवधरांचा चेहरा पडला होता. मला कळलंच, की आता बॉम्ब पडणार.

ते शांतपणे सांगायला लागले. त्या काळी काट्यांवर रेडियम मिसळलेला रंग लावत. रेडियम शेकडो वर्षं टिकतं, पण त्याच्यासोबतची चमकणारी पावडर थोड्या वर्षांत दमून जाते. खऱ्या जुन्या घड्याळाचे आकडे खाकी, मळकट, मेलेले दिसतात. जे चमकतं ते कालपरवा रंगवलेलं.

डॉक्टरांना ते फारच लागलं, कारण येईल त्या पेशंटला त्यांनी ते घड्याळ दाखवलं होतं. म्हणाले, "म्हणजे खरं घड्याळ अंधारात दिसतच नाही?"

"नाही. आणि ते विझलं तरी रेडियम आत असतंच. ते उघडलं आणि धूळ श्वासात गेली तर अपाय होतो. म्हणून तसलं आलं तर मी काचसुद्धा काढत नाही."

डॉक्टरांच्या आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर वाती वळत बसल्या होत्या. त्या ऐकतायत असं कुणाला वाटलंही नव्हतं. त्यांनी विचारलं, "म्हणजे खऱ्यात वेळ दिसत नाही, आणि वर ते विषारी?"

"हो आजी."

"मग ह्यानं खोटं आणलं ते बरंच केलं की."

•

हसमुखभाईंचा धंदा उघड होता. ते सिनेमासाठी नकली वस्तू बनवून घेत आणि नकली म्हणूनच देत. एकदा गोरेगावला युद्धाच्या सिनेमाचा मोठा सेट लागला, त्यासाठी त्यांनी भरपूर लष्करी घड्याळं बनवून घेतली. बाण-बिण सगळं झकास. शूटिंग संपलं, सेट मोडला, आणि घड्याळं ज्याला मिळाली तो घेऊन गेला.

मध्ये काही वर्षं गेली. एक दिवस हसमुखभाईंच्या घाटकोपरच्या दुकानात एक माणूस आला. त्याच्या पिशवीत घड्याळ होतं. म्हणाला, माझे मामा ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते, त्यांनी आणलेलं. पितळ छान काळवंडलं होतं, डायलला वयाचे डाग पडले होते. हसमुखभाई बराच वेळ घासाघीस करत बसले, चहा झाला, पुन्हा चहा झाला आणि त्यांनी ते घेतलं. असा माल पुन्हा मिळत नाही, म्हणून रविवारी ते कौतुकानं आम्हाला दाखवायला आणलं.

देवधरांनी भिंग लावलं. बाहेरून बराच वेळ बघितलं. मग त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि घड्याळ हसमुखभाईंच्या पुढे सरकवलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला अर्धी भुईमुगाची शेंग छापलेली होती. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा.

हसमुखभाईंनी तो पत्रा ओळखला. त्या वेळी पितळी पत्रा कमी पडला होता आणि त्यांनीच कारागिराला सांगितलं होतं, आत कोण बघतंय, डबा काप.

आम्हाला वाटलं आता चिडतील. ते घड्याळ हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले. कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "अपनाच बच्चा है. कितना बड़ा हो गया."

•

त्यानंतर हसमुखभाईंनी एक नियम केला. बनवलेल्या प्रत्येक घड्याळाच्या डायलमागे, सहज दिसणार नाही अशा जागी, एक खूण कोरायची. म्हणजे कुणी फसवायला लागलं तर डायल काढून दाखवता येईल. खूण काय, तर त्यांच्या मुलीचं नाव, मराठीत: हेमा.

त्यांना वाटलं, आता वाट लागली फसवणाऱ्यांची.

एका रविवारी बोरिवलीहून प्रधान पती-पत्नी आले. प्रधान बँकेतून रिटायर झालेले, सज्जन गृहस्थ. घड्याळ त्यांनी दुलईत गुंडाळून आणलं होतं. प्रधानवहिनी म्हणाल्या, "आम्हाला हे खरं की खोटं ते विचारायचं नाहीये. ते खरंच आहे. आम्हाला फक्त त्या मुलीचा पत्ता लागतो का बघायचंय."

"कुठल्या मुलीचा?" देवधरांनी विचारलं.

वहिनींनी सांगायला सुरुवात केली. विकणाऱ्यानं त्यांच्यासमोर डायल काढून दाखवली होती. कुणी मराठी शिपाई होता, हे घड्याळ होतं त्या खोलीत तो ड्यूटीला असायचा. लढाईवर जायच्या आदल्या दिवशी त्यानं डायलच्या मागं आपल्या मुलीचं, नाहीतर बायकोचं नाव कोरून ठेवलं. तो परत आला नाही. वहिनी हॉलमधल्या ह्या घड्याळाकडे बघून रोज संध्याकाळी त्या शिपायासाठी हात जोडत होत्या.

मी हसमुखभाईंकडे बघितलं नाही. बघूच शकत नव्हते. ते माझ्या शेजारीच बसले होते आणि बशीतला चहा तसाच हातात धरून थांबले होते.

देवधर चष्मा पुसत राहिले. त्यांच्यासाठी हे सोपं नव्हतं. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून ते कधी काही लपवत नसत. पण त्या दिवशी चष्म्याची काच काही स्वच्छ होईना. शेवटी हसमुखभाईच बोलले.

"भाभी, हेमाला मी ओळखतो. चांगली मुलगी आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. स्टुडिओ, नकली माल, नाव कोरायची आयडिया. प्रधान लालबुंद झाले. विकणाऱ्याला काय काय करता येईल ते बोलायला लागले. वहिनींनी मात्र हळूच विचारलं, "म्हणजे लढाईत कुणी गेलंच नाही?"

"नाही भाभी."

"आणि ही हेमा?"

"दहावीला आहे. मॅथ्समध्ये थोडी कच्ची आहे."

वहिनींनी पदरानं डोळे टिपले. "अहो, मग चिडता काय," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "चांगलीच बातमी आहे ना."

•

पण सगळेच असे हसत गेले नाहीत. सावंत बंधू आले तेव्हा जिन्यातूनसुद्धा वेगवेगळे चढले. थोरला पुढे, धाकटा एक मजला मागे. दोघं गॅलरीत दोन टोकांना बसले आणि एकमेकांशी बोलायचं असेल तर देवधरांकडे बघून बोलायला लागले.

त्यांचे वडील मूळ सावंतवाडीकडचे. लढाईत लष्करी ट्रक चालवत होते, नंतर गिरणीत लागले. वडिलांनी जपानी जीपमधून काढून आणलेलं म्हणून एक घड्याळ घरात होतं. त्याच्या काचेला तडा होता, तो शत्रूच्या गोळीचा. गोळी काचेला चाटून गेली आणि बाबा वाचले, ही गोष्ट ऐकत दोघं मोठे झाले होते. वडील वारल्यावर खोली, भांडी, सगळ्याची वाटणी झाली. घड्याळावरून मात्र जे बिनसलं ते बिनसलं. दोघांच्या घरचं येणंजाणं बंद पडलं. शेवटी नातेवाइकांनी ठरवलं, की घड्याळाची परीक्षा करून घ्या आणि काय ते मिटवा.

देवधरांनी घड्याळ उघडलं आणि मला बोलावलं. आत नायलॉनचं चाक होतं. लढाईच्या वेळी नायलॉनची चाकं नव्हती. सगळं मशीनच टेबलावरच्या साध्या अलार्म घड्याळाचं होतं, जीपची फक्त पेटी, तीही बनवलेली.

देवधरांनी ते जसंच्या तसं सांगितलं. धाकटा ताडकन उठला. "आमचे बाबा खोटं बोलत नव्हते," तो म्हणाला. "गोळीचा तडा दिसतोय ना समोर?"

थोरला खाली बघत होता. तो पहिल्यांदाच सरळ भावाकडे वळला. "बाळा, तो तडा माझा आहे."

"तुझा म्हणजे?"

"बॉल मारला होता मी. घरात खेळत होतो. बाबांनी घड्याळ नुकतंच बाजारातून आणलेलं, आई गावाला होती. ती आली की मला सोलून काढणार म्हणून रडायला लागलो. बाबा म्हणाले, गप रे, तू काही बोलू नकोस, मी बघतो. आई आल्यावर त्यांनी ती गोळीची गोष्ट सांगितली. मग ती वाढतच गेली. मला वाटलं होतं, घड्याळ तरी खरं असेल."

धाकटा हळूहळू खाली बसला. "म्हणजे तो जपानी..." तो म्हणाला, "झाडामागून नेम धरणारा..."

"मीच. टेनिसचा बॉल होता."

धाकट्याचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतोय. मग थोरलाही सुटला. दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बाबा तो जपानी कसा उभा करायचे, डोळे बारीक करून, हे एकमेकांना करून दाखवायला लागले.

अर्ध्या तासानं ते निघाले तेव्हा जिन्यात पुन्हा वाद ऐकू आला. मी वाकून बघितलं. थोरला म्हणत होता, तू ने. धाकटा म्हणत होता, बॉल तुझा, तूच ने.

•

देवधर कधी चुकले नाहीत का? चुकले. तो किस्सा ते स्वतःच सांगायचे, त्यामुळे मी सांगायला हरकत नाही.

मुलुंडलाच कामत सिस्टर राहायच्या. लष्करी इस्पितळात नर्स होत्या. त्यांचा वॉर्ड बंद झाला तेव्हा स्टोअरमध्ये ठेवलेलं एक भिंतीवरचं घड्याळ त्यांना आठवण म्हणून मिळालं होतं. ते पत्र्याच्या पेटीत तसंच पडून होतं. त्या घेऊन आल्या आणि देवधरांनी दोनच मिनिटं बघितलं. डायल पांढरीशुभ्र. पितळ चकचकीत. चावीच्या भोकाभोवती एकही ओरखडा नाही. इतक्या वर्षांत चावी देताना हात घसरून भोकाभोवती बारीक रेघा उमटतातच, ही त्यांची आवडती खूण.

"सिस्टर, हे अलीकडे बनवलेलं आहे," ते म्हणाले. "कुणीतरी तुमचं खरं घड्याळ बदललं असेल." कामत सिस्टर "असेल बाई" म्हणून गेल्या. वाद घालणारा स्वभावच नव्हता.

काही महिन्यांनी देवधरांच्या कंपनीत गोदामाच्या कोपऱ्यात जुन्या गेजचं एक खोकं सापडलं. इंग्रजांच्या काळातलं, कधी उघडलंच नव्हतं. देवधरांनी एक गेज बाहेर काढलं. लख्ख, नवंकोरं. ते हातात धरून ते तिथेच उभे राहिले. सिस्टरांच्या घड्याळाला चावीचे ओरखडे नव्हते, कारण त्याला कधी चावीच दिलेली नव्हती.

त्याच संध्याकाळी ते सिस्टरांकडे गेले. मी बरोबर होते. देवधरांनी दारातच माफी मागितली. सिस्टर म्हणाल्या, "अहो, त्यात काय एवढं. खोटं आहे म्हटल्यावर मी सोसायटीच्या मुलांना गणपतीच्या डेकोरेशनला दिलं."

घड्याळ सोसायटीच्या ऑफिसात लटकत होतं. मुलांनी ते सोनेरी ऑइलपेंटनं रंगवलं होतं, काट्यांसकट. डायलवर लाल अक्षरांत सोसायटीचं नाव होतं. देवधर स्टुलावर चढले, भिंग लावून बराच वेळ बघत राहिले. रंगाखाली, काठाशी, बाण होता.

परत येताना, त्यांच्या घराच्या फाटकाशी आल्यावर देवधर म्हणाले, "वीणा, फेरफार केलेली घड्याळं मी आयुष्यभर शोधली. हे एक मीच केलं."

त्यानंतर देवधरांचं बोलणं बदललं. "हे खोटं आहे" म्हणायच्या आधी ते थांबायला लागले. समोरच्याला विचारायचे, की हे तुमच्याकडे कसं आलं, घरात कुठं असतं, चावी कोण देतं. पूर्वी हे प्रश्न ते फसवणारा पकडायला विचारायचे. आता उत्तर ऐकायला विचारत.

•

आता एक शेवटचा. हा मी फारसा सांगत नाही.

बोरिवलीहून राणेमावशी आल्या होत्या. सत्तरीच्या, मालवणकडच्या. त्यांनी घड्याळ पोटाशी धरून आणलं होतं. ते चालू होतं, टिकटिक ऐकू येत होती. त्यांचे यजमान नौदलाच्या जहाजावर वायरलेस ऑपरेटर होते. घड्याळ त्यांच्या जहाजाच्या वायरलेसच्या खोलीतलं. जहाज भंगारात निघालं तेव्हा त्यांनी मागून घेतलं होतं. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. आता धाकटा मुलगा दुबईला निघाला होता, मावशी त्याच्याबरोबर जाणार होत्या आणि मुलगा म्हणत होता, की एवढं जड घड्याळ कशाला, विकून टाकू. त्यानं कुणाला तरी दाखवलं तर तो माणूस म्हणाला, हे नकली आहे, ह्याच्यावरच्या लाल खुणा चुकलेल्या आहेत.

"माका इकूचा नाय," मावशी म्हणाल्या. "पण ह्येंचा घड्याळ नकली म्हणतत, ता माका सोसत नाय."

देवधरांनी मला आधी त्या लाल खुणा समजावून सांगितल्या. वायरलेसच्या खोलीतल्या घड्याळावर लाल रंगाच्या दोन पाचरी असतात, एक तीनच्या आकड्यापाशी, एक नवाच्या. दर तासाला मिनिटकाटा त्या लाल भागात शिरला की तीन मिनिटं जगातल्या सगळ्या जहाजांचे वायरलेसवाले गप्प बसत. स्वतः काही पाठवायचं नाही, फक्त ऐकायचं. कुठे कुणी बुडत असेल, त्याचं यंत्र क्षीण झालं असेल, तर तेवढ्या शांततेत त्याची हाक ऐकू यावी म्हणून.

ह्या घड्याळावर लाल पाचरी तीन होत्या. तिसरी आठच्या आकड्यापाशी.

देवधरांनी पेटी बघितली, बाण बघितला, मशीन बघितलं. सगळं अस्सल होतं. मग तिसऱ्या पाचरीवर भिंग धरलं. तिचा लाल जरा वेगळा होता, कडा हातानं काढलेल्या, थोड्या थरथरलेल्या.

"मावशी, ही तिसरी खूण नंतर कुणीतरी रंगवली आहे."

"ह्येंनीच. रिटायर होऊन घरी इल्यावर."

"का?"

"थोरलो झील, ह्या दुबयवाल्याचो भाव, जहाजावर लागलो होतो. त्येचा जहाज परत इला नाय. त्या वर्सा काढली."

देवधरांनी आपल्या पद्धतीनं, अगदी काळजीनं सांगितलं, की मावशी, काळजी करू नका, खालची मूळ डायल शाबूत आहे. हा वरचा रंग मी थिनरनं अलगद काढू शकतो. काढला की घड्याळ जहाजावर होतं अगदी तसं होईल, मग कुणीच नकली म्हणणार नाही. त्यांनी बाटली उघडली, कापसाचा बोळा केला.

"पुसू का?" त्यांनी विचारलं.

मावशींनी उत्तर दिलं नाही.

त्यांनी हात मांडीवर ठेवले होते आणि मान जराशी कलती केली होती. मला वाटलं त्या विचार करतायत. देवधरांनी पुन्हा विचारायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर घड्याळावर गेली. मिनिटकाटा आठच्या आकड्यापाशी, लाल पाचरीत शिरला होता.

देवधरांनी बोळा खाली ठेवला. हसमुखभाईंनी बशीत ठेवायला घेतलेला कप हातातच धरला. खाली रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, आणि मग तेही थांबलं. मावशी ऐकत होत्या. आम्हीही ऐकत होतो.

काटा लाल भागातून बाहेर पडला. मावशींनी श्वास सोडला, पदर सारखा केला आणि देवधरांकडे वळल्या.

"हां. काय इचारलात तुम्ही?"

"काही नाही," देवधर म्हणाले.